आईच्या आधारला नंबर कोणाचा?

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता गावात अन् पुण्यात फरक तो काय उरला? टॉवर आहे, नेट आहे." मजल मोठी मारली आपण, यात शंकाच नाही. मुंबईत १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सुरू झालं, तेव्हा आपल्याला साधा फोन करायलाही तालुक्याच्या एसटीडी बूथवर जावं लागायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मग कुठे गावाच्या हाती नेट लागलं. मार्च २०२४ ला देशात इंटरनेटचे ९५ कोटी ग्राहक होते, त्यांतले जवळपास ४० कोटी खेड्यांतले. पण निम्म्याहून कितीतरी जास्त लोक खेड्यांतच राहतात, हेही धरा.

मला मात्र वेगळीच गोष्ट टोचते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, कधी नेट वापरलंय का? शहरात ५१.८ टक्के जणी हो म्हणाल्या, खेड्यात २४.६. खेड्यातले पुरुष ४८.७. गावात नेट आलं ते आधी पुरुषांच्या खिशात गेलं. आई तर त्या वयोगटाच्याही पुढची.

बाबा, तुम्ही ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद करायला शिकलात. सोयाबीनमध्ये उभं राहून फोटो काढता, शेतात रेंज नसली तर देवळापाशी येऊन अपलोड करता. मी इथे सगळ्यांना कौतुकानं सांगते. पण आईच्या 'लाडकी बहीण' योजनेच्या केवायसीचं काय झालं? तिच्या आधारला नंबर दादाचा, म्हणून ओटीपी गेला त्याच्या फोनवर, दादा शिफ्टला, फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. आई दुपारभर नेटवाल्याच्या दुकानात बाकावर बसून राहिली. माझा ओटीपी माझ्या हातातल्या फोनवर येतो, मी दोन मिनिटांत मोकळी होते. टॉवर उभा राहिला म्हणून हा फरक आपोआप जात नाही, बाबा.

दिवाळीला येताना आईसाठी फोन आणते. त्याआधी तिच्या नावानं सिम घ्या आणि आधार केंद्रात नेऊन तिचा नंबर बदलून आणा. अंगठा द्यावा लागेल, म्हणून तिलाच न्या. बँकेतही तोच नंबर द्या. आणि आई, "मला काय करायचंय फोन" म्हणू नकोस. मराठीत बोललं की तो लिहूनही घेतो, मी दाखवते.

गुडघ्याची गोळी चुकवू नकोस.

तुमची,
ताई