पाचोळ्याचा धूर आणि वायुकोश

महोदय,

थंडी पडली की पहाटे हनुमान टेकडीवर हवा खायला जाणाऱ्यांची गर्दी वाढते आणि नेमक्या त्याच वेळी पायथ्याशी झाडलेल्या पाचोळ्याचे ढीग पेटवले जातात. टेकड्यांनी वेढलेल्या पुण्यात हिवाळ्यात जमिनीलगतची गार हवा वर सरकत नाही, त्यामुळे हा धूर ऊन चढेपर्यंत तेथेच रेंगाळतो. हटकले तर ‘नाकात केस कशाला दिलेत?’ असे उत्तर मिळते. जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्याने सांगते, की हे उत्तर अर्धेच बरोबर आहे.

नाक हवा उबदार व दमट करते, मोठे कण अडवते. पुढे श्वासनलिकेतील चिकट स्राव उरलेली धूळ धरतो आणि अतिसूक्ष्म लव ती सतत घशाकडे लोटत राहते. ही व्यवस्था नळ्यांपुरतीच आहे. नळ्यांना सुमारे 23 वेळा फाटे फुटल्यावर जे 30 ते 50 कोटी वायुकोश लागतात, त्यांचा पृष्ठभाग सुमारे 70 चौरस मीटर, म्हणजे टू बीएचके सदनिकेच्या कार्पेट एरियाएवढा भरतो आणि तेथे हवा व रक्त यांच्यामध्ये मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढाच पडदा असतो. विश्रांतीच्या वेळी तांबडी रक्तपेशी त्या पडद्यालगतच्या केशवाहिनीत जेमतेम पाऊण सेकंद थांबते, पण पडदा इतका पातळ, की त्यातील पहिल्या तृतीयांश वेळेतच तिला पुरेसा ऑक्सिजन मिळून जातो. येथे लव आणि स्रावाचा थर असता तर पडदा जाड होऊन ही देवघेव मंदावली असती, म्हणून तो येथे नाही. धुरातील अडीच मायक्रोमीटरहून लहान कण येथवर पोचले, की ते गिळायला फक्त भक्षक पेशी उरतात आणि त्यांच्या सफाईला आठवडे, प्रसंगी महिने लागतात.

स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटर हवा घेतो आणि त्यातील सुमारे 150 मिलिलिटर नळ्यांतच राहते. चढ चढताना तोच श्वास दीड-दोन लिटरचा होतो, बहुतेक जण तोंडाने श्वास घेऊ लागतात, म्हणजे नाकाची गाळणी टळते आणि वायुकोशांपर्यंत जाणारा वाटाही वाढतो. माथ्यावर दीर्घश्वसन करणारी मंडळी (त्यांत मीही आले) हा धूर अधिक मनापासून आत घेतात, असेच म्हणावे लागेल.

उघड्यावर कचरा जाळण्यास 2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच मनाई केली होती. तेव्हा महापालिकेने निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पहाटे पाच ते आठ टेकड्यांच्या पायथ्याशी गस्त ठेवावी आणि सोसायट्यांनी आवारात पाचोळ्यासाठी खड्डा करावा. आमच्या इमारतीमागे असा सहा फुटांचा खड्डा आहे. मधूनमधून पाणी शिंपडले, की डिसेंबरचा पाचोळा पावसाळ्यापर्यंत कुंड्यांत घालण्याजोगा होतो.

– एक निवृत्त शिक्षिका, डेक्कन जिमखाना, पुणे