आठ तासांच्या सरावाचं कौतुक नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आंतरराष्ट्रीय कॅडेट (सतरा वर्षांखालील) स्पर्धेसाठी निवड झालेल्या सोळा वर्षांच्या तलवारबाज मुलीची ओळख आपल्या क्रीडा पानावर परवा वाचली. या खेळाला तुम्ही अर्धं पान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र मथळ्यात ‘रोज आठ तास सराव’ असं छापलं आहे, त्याबद्दल लिहिणं भाग आहे. ती मुलगी माझ्याकडे शिकते. ती आठ तास सराव करत नाही आणि मी तिला करू देणारही नाही. बातमी आली त्याच संध्याकाळी दोन पालकांनी आपापल्या मुलांचे तास वाढवा म्हणून फोन केला. त्यातला एक मुलगा अकरा वर्षांचा आहे.

स्पर्धेचा दिवस कसा असतो ते सांगते. सकाळी पूल, म्हणजे गटातल्या लढती. गटात सहा-सात जणी, प्रत्येकीशी एक लढत, पाच गुण किंवा तीन मिनिटं, जे आधी होईल ते. त्यानंतर बाद फेरी १५ गुणांची. तीन-तीन मिनिटांचे तीन भाग, मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती. अगदी अंतिम लढतीपर्यंत पोहोचली तरी प्रत्यक्ष लढण्याची वेळ जेमतेम तास-सव्वा तास भरते. बाकी सगळा दिवस वाट पाहण्यात जातो. अंग थंड पडतं, नाव पुकारलं जातं आणि पुढच्या काही मिनिटांत पूर्ण वेगानं पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्ट्यावर, उभं राहायचं असतं. हे जमावं म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत आम्ही सरावाचा वेळ कमी करतो, वेग मात्र तोच ठेवतो. एक लढत, मग मुद्दाम अर्धा तास नुसतं बसणं, मग पुन्हा लढत. बघणाऱ्याला वाटतं पोरगी आराम करतेय.

दमल्यावरही रेटून सराव केला तर काय होतं, ते लंजमध्ये, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून वार करताना, लगेच दिसतं. पुढचा गुडघा आत झुकतो, मागचं पाऊल जमिनीवरून सुटतं आणि हात पुढे जाण्याआधी खांदा वर उचलला जातो. समोरचीला तेवढा खांदा दिसला की पुरे. ही मुलगी इपी खेळते; तलवारबाजीच्या तीन प्रकारांपैकी हा एक. यात तलवारीचं टोक समोरचीवर दाबलं गेलं की दिवा लागतो. इपीत दोघींचे वार सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत पडले तर दोघींना गुण मिळतो. त्याहून उशीर झाला तर ज्या वाराचा दिवा आधी लागला तेवढाच गुण. इतक्या बारीक फरकावर निकाल ठरत असताना, थकव्यात अंगवळणी पडलेली खांद्याची ती हालचाल पुढे कित्येक महिने जात नाही. शिवाय या खेळात कायम एकच पाय पुढे असतो, लंजचा सगळा भार त्याच गुडघ्यावर येतो. वाढत्या वयातल्या मुलांच्या बाबतीत मला याची खरोखर काळजी वाटते.

छायाचित्रात न येणारं एक काम या मुलीनं बातमीच्या आदल्याच दिवशी केलं. आपल्या सगळ्या तलवारी घेऊन ती जमिनीवर बसली होती. टोकावर ७५० ग्रॅमचं वजन ठेवायचं. टोकातल्या स्प्रिंगनं ते उचलून धरलं पाहिजे. मग टोकाच्या फटीत दीड मिलिमीटरची पट्टी बसते का ते पाहायचं. पुढे अर्ध्या मिलिमीटरची पट्टी घालून टोक दाबायचं; तेव्हा दिवा लागता कामा नये. लढत सुरू होण्याआधी पंच हेच तपासतात. तलवार नापास झाली तर पिवळं कार्ड, त्याच लढतीत पुन्हा तसं घडलं तर लाल, म्हणजे समोरचीला फुकटचा गुण. सगळं झाल्यावर ती प्रत्येक पात्यावरून बोट फिरवून कुठे बारीकसा मोड आला आहे का ते बघत होती. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचं पातं मोडून मास्क भेदून गेलं आणि ऑलिंपिक विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह दगावला. त्यानंतर मास्क, जाकीट, पाती यांचे नियम कडक झाले. तरी माझ्याकडे येणारं प्रत्येक मूल आपलं पातं आपल्या बोटांनी तपासायला शिकतं. या कामाला मी सरावच म्हणते.

आता दोन विनंत्या. ‘रोज आठ तास’ याची दुरुस्ती छापावी, कारण ते वाक्य वाचून लहान मुलांच्या गुडघ्यांचं नुकसान करणारे लोक आहेत; वाईट हेतूनं नव्हे, प्रेमापोटीच. आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात तिला ‘पदक आणणार का’ असं विचारायला फोन करू नये. त्या दिवसांत ती डावखुऱ्या मुलींशी लढण्याची तयारी करत असेल, कारण डावखुरी समोर आली की मनगट झाकण्याची बाजू बदलते आणि तिथेच ती अजून गुण गमावते. मुलाखत स्पर्धेनंतर जरूर घ्या. पहिल्याच फेरीत बाद झाली तरी घ्या. पूलमधल्या लढतींबद्दल विचारलंत तर एकेक गुण कसा मिळाला, कसा गेला हे ती तुम्हाला क्रमानं सांगेल, आणि ते वाचायला मलाही आवडेल.

आपली,
एक तलवारबाजी प्रशिक्षिका