किरकोळ कोणी ठरवले?

संपादक महोदय,

कालच्या अंकातील क्रीडा पानावर कुमारी गटाच्या कबड्डी स्पर्धेचे वृत्त वाचले. चढाईपटूचा गुडघा डोक्याला लागून कोसळलेली खेळाडू 'किरकोळ दुखापतीची पर्वा न करता' दोनच मिनिटांत पुन्हा मॅटवर उतरली आणि तिने 'जिद्दीचे दर्शन घडवले', असे आपल्या वार्ताहराने लिहिले आहे. दुखापत किरकोळ होती हे ठरवले कोणी, एवढेच मला विचारायचे आहे. मैदानावर डॉक्टर असल्याचा उल्लेख बातमीत नाही. व्यासपीठावरील अकरा मान्यवरांची नावे मात्र पदांसह छापली आहेत.

माझा राग थोडा घरचा आहे, हे आधीच सांगतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत माझी पुतणी उजव्या कोपऱ्यावर खेळत होती. घोटा धरायला ती खाली झेपावली आणि चढाई करणाऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती पडताच तिघांनी बखोटीला धरून तिला उभे केले. मानेला मार लागला असेल तर रुग्णाला हलवू नये, हे त्या तिघांपैकी एकालाही ठाऊक नसावे. तोंडावर पाणी मारून झाले. मग प्रथमोपचाराची पेटी उघडली, तर तिच्यात दोन शिट्ट्या, खडू, गुणपत्रिकांचा गठ्ठा, कापूस आणि मुरगळलेल्या पायावर मारायचा स्प्रे निघाला. तो स्प्रे तिच्या कानशिलावर, डोळ्यापासून दोन बोटांवर, मारण्यात आला. सरांनी नाव विचारले, ते तिने सांगितले. बोटे किती, तेही तिने बरोबर सांगितले. 'काही नाही झालेलं, जा,' असा निकाल लागला आणि ती गेली, ती थेट डाव्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. समोरच्या मुली हसल्या, आमच्याही हसल्या, आणि मी स्वतः कॉलेजात चार वर्षे कोपरारक्षक म्हणून खेळलेला माणूस, मीही हसलो. परतताना मोटारसायकलवर मागे बसून तिने मला तीनदा विचारले, 'काका, आपण जिंकलो का?' तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मात्र माझे हातपाय गार पडले. घर यायच्या आधीच तिला उलटी झाली.

सुदैवाने मेंदूत रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी त्या रात्री जे समजावले ते त्या सरांना, आणि मलाही, आधी माहीत असायला हवे होते. मेंदूला हादरा बसला, ज्याला ते कंकशन म्हणतात, तरी बहुतेकदा शुद्ध हरपत नाही, आणि सीटी स्कॅनमध्ये काही दिसले नाही म्हणून हादरा बसलाच नाही असेही नसते. अशा वेळी नाव आणि बोटे विचारण्यात फारसा अर्थ नाही, कारण स्वतःचे नाव माणूस सहसा विसरत नाही. आपण कोणत्या मैदानावर आहोत, मध्यंतर झाले का, शेवटचा गुण कोणी घेतला, मागचा सामना कोणाशी होता, हे विचारायचे असते. उत्तरे बरोबर आली तरी शंका उरली, तर त्या दिवशी खेळाडूला पुन्हा उतरवायचे नसते. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा मार बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकते. असे क्वचित घडते, पण घडते. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, झटके, हातापायांना मुंग्या, यांपैकी काहीही दिसले की बक्षीस समारंभाची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते.

क्रिकेटपटू रमण लांबा आपल्या क्रीडा विभागातील ज्येष्ठांना आठवत असतील. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात शिरस्त्राणाविना फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, उभे असताना चेंडू त्यांच्या डोक्याला लागला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले आणि तीन दिवसांनी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. क्रिकेटने उशिरा का होईना, २०१९ मध्ये अशा खेळाडूसाठी बदली खेळाडूचा नियम आणला. पुढच्याच वर्षी कॅनबेरात शिरस्त्राणावर चेंडू आदळूनही जडेजा डाव संपेपर्यंत खेळला, गरगरल्याची बातमी नंतर आली आणि त्याच्या जागी चहलने गोलंदाजी केली, तेव्हा तो नियम आपल्या घराघरांत पोहोचला. कबड्डीत तर बाकावर राखीव मुली बसलेल्याच असतात आणि वेळ थांबवायला पंचही असतात. अडते ते फक्त 'खेळ गं, शूर आहेस तू' म्हणणाऱ्यांपाशी, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मथळा करणाऱ्यांपाशी.

प्रत्येक तालुका स्पर्धेला डॉक्टर मिळणार नाही, हे मलाही कळते. पण संघासोबत येणाऱ्या एका तरी शिक्षकाला हे चार प्रश्न आणि हृदय बंद पडल्यास द्यायच्या छातीदाबाचा (सीपीआर) सराव यायला काय हरकत आहे? मंडपाच्या खर्चात ते सहज बसते. रुग्णवाहिका आली तर तिला आत शिरायला वाट असावी, हेही मागून ठेवतो. आमच्या वेळी त्या वाटेवर पाहुण्यांच्या गाड्या लावल्या होत्या आणि चालक जेवायला गेले होते.

आपल्या बातमीतील त्या मुलीचे नाव, अकरा मान्यवरांच्या गर्दीत, छापायचे राहून गेले आहे. ते नंतर छापले तरी चालेल. त्याआधी वार्ताहराने तिच्या घरी फोन करून रात्री तिला उलटी झाली का आणि ती अंतिम सामना विसरली तर नाही ना, एवढे मात्र विचारावे.

आपला,
एक जुना कोपरारक्षक, जि. सातारा