माजी आमदारांनी स्पर्धक म्हणून बसावे

मा. संपादक,

अमेरिकेतील एका राज्याच्या माजी आमदाराने ‘जेपर्डी’ या टीव्हीवरील प्रश्नमंजूषेत भाग घेतल्याचे वाचले आणि फार बरे वाटले. तिथे उत्तर चुकले की त्या प्रश्नाची रक्कम कमाईतून वजा होते. पद भूषवलेला माणूस ती जोखीम सगळ्यांदेखत घेतो, याचा मला आदर वाटतो. आपल्या विदर्भातही शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी २०१९ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी जिंकले होते.

मी नागपुरात नागरिकशास्त्र शिकवले. विदर्भाला महाराष्ट्रात सामील करून घेण्यासाठी झालेल्या १९५३ च्या नागपूर करारामुळे इथे विधिमंडळाचे अधिवेशन भरते, हे मुले घोकतात; पण तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या सार्वजनिक बाबीकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी) यांतला फरक विचारला की गप्प होतात. बंद रस्ते आणि मोर्चे, अधिवेशनाचे एवढेच त्यांना दिसते. ज्यांनी स्वतः सभागृहात प्रश्न मांडले, ते माजी आमदार आपल्याच शहरात आहेत. येत्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत त्यांनी, पक्ष कुठलाही असो, शाळकरी मुलांसोबत प्रश्नमंजूषेत स्पर्धक म्हणून बसावे. परीक्षक म्हणून नव्हे, प्रमुख पाहुणे म्हणून तर नाहीच. हारतुरे नकोत. प्रश्न काढून द्यायला मी आनंदाने येईन.

– एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ, नागपूर