टाउन हॉलला ब्रह्मपुरीशी जोडा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

सीपीआर दवाखान्यासमोरचा कोल्हापूरचा टाउन हॉल आपण पाहिला असेलच. मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेली ही दगडी इमारत आज आपल्याच खात्याचं वस्तुसंग्रहालय आहे. चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं बघायला येणारे रसिकही आहेत. पण हे संग्रहालय जन्मलं ते ब्रह्मपुरी टेकडीच्या मातीतून.

पंचगंगेकाठच्या त्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आली. त्याच सुमारास तिथे सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती वीतभरही नाही, पण ती घडली रोमन जगात. ग्रीकांचा हा समुद्रदेव कोकणातल्या एखाद्या बंदरात उतरून, घाट चढून करवीरात आला असावा. दोन हजार वर्षांपूर्वी इथला व्यापार कुठवर पोहोचला होता, हे सांगायला आणखी काय हवं?

आणि तरी कोल्हापूरला येणारा पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर भेळ खातो, तांबडा-पांढरा ओरपतो आणि पन्हाळ्याला जातो. ब्रह्मपुरी कुठे, हे आमच्यातल्याही कितीजणांना सांगता येईल, शंका आहे.

म्हणून मागणी एकच. टाउन हॉलमध्ये ब्रह्मपुरीचं स्वतंत्र दालन करा: टेकडीचा नकाशा, मातीचे थर, घाटवाटा, बंदरं, आणि मधोमध पोसायडन. टेकडीवर ठळक मराठी फलक लावा आणि दोन्ही ठिकाणं जोडणारी पायी सहल सुरू करा. चंदगड-आजऱ्याच्या शाळांची सहल कोल्हापुरात येते, तेव्हा तिला दोन्ही ठिकाणी न्या. प्रोजेक्टर आणि रंगीत दिव्यांचा खेळ त्यानंतर सुचला तर सुचू दे. आधी मजकूर जाणकारांकडून लिहून घ्या.

इमारतीच्या डागडुजीचं काम निघालं, तर ते नेहमीच्या ठेकेदारावर न सोपवता वारसा-जतन जाणणाऱ्या वास्तुविशारदाकडे द्यावं. जुन्या दगडी भिंतींना सिमेंट फासलं की ओल आतच कोंडते. तिथे चुनाच हवा. हे काम नीट होऊ शकतं, हे भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाने दाखवलंय. २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता.

पुढच्या कोल्हापूर दौऱ्यात अर्धा तास टाउन हॉलसाठी राखून ठेवावा, ही विनंती.

आपला,
कोल्हापूरचा एक रहिवासी