आधी सरावाचा ट्रॅक, मग गॅलरी

महोदय,

राष्ट्रीय ॲथलेटिक्स स्टेडियमच्या जागेची चर्चा निघाली की विमानतळ किती दूर आणि गॅलरीत माणसे किती मावतील, याच प्रश्नांभोवती ती फिरत राहते. मैदानी स्पर्धांत पंच म्हणून काम केल्यामुळे असेल, पण मला वाटते की जागा पाहायला जाणाऱ्या समितीने शेजारी दुसरा ट्रॅक बसतो का, हे सर्वांत आधी पाहावे. आठ लेनचा ४०० मीटरचा एक ट्रॅकच सुमारे १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद जागा घेतो. त्यात कडेची मोकळी जागा धरलेली नाही.

मोठ्या स्पर्धेत खेळाडू मुख्य ट्रॅकवर अंग मोकळे करत नाही. तो सरावाच्या ट्रॅकवरून कॉल रूममध्ये येतो, तिथे त्याचा क्रमांक, बॅग आणि स्पाइक्सचे, म्हणजे धावण्याच्या बुटांचे, खिळे तपासले जातात, आणि मग त्याला रांगेने थेट स्पर्धेच्या जागी नेले जाते. हा सराव-ट्रॅक बसने जाण्याइतका दूर असेल, तर तापलेले स्नायू वाटेतच गार पडतात. हातोडाफेकीच्या सरावासाठी तर वेगळे मैदान लागते, कारण ७.२६ किलोचा हातोडा कुठे पडेल याचा भरवसा धावणाऱ्यांच्या गर्दीत कोणी देऊ शकत नाही.

वारा आणि ऊन यांचा विचार नकाशावरच व्हायला हवा. मैदानाचा लांब अक्ष उत्तर-दक्षिण आणि मुख्य स्टँड पश्चिमेला असला, की संध्याकाळचे ऊन त्या स्टँडमधल्या प्रेक्षकांच्या पाठीशी राहते. शंभर मीटर किंवा लांब उडीत पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल, तर विक्रम धरला जात नाही. समुद्रसपाटीपासूनची उंचीही तितकीच महत्त्वाची आहे, कारण विरळ हवा उडीला साथ देते, पण लांब पल्ल्याच्या धावपटूला दमवते. सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीत १९६८ साली बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली (वारा बरोबर २.० होता!), पण त्याच ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर जिंकणाऱ्या नफ्ताली तेमूला २९ मिनिटे २७.४ सेकंद लागले, म्हणजे तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून अधिक.

जागेचा घोळ किती महागात पडतो, हे लंडनने दाखवून दिले आहे. २००५ ची जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा तिथे व्हायची होती. आधी नवे वेम्ब्ली स्टेडियम ठरले, १९९९ च्या अखेरीस त्यातून ॲथलेटिक्स वगळले गेले, मग पिकेट्स लॉकची जागा पुढे आली आणि २००१ मध्ये खर्चाच्या कारणावरून तीही बारगळली. ऐनवेळी शेफील्डचे नाव सुचवण्यात आले, पण आंतरराष्ट्रीय महासंघाने ते मानले नाही आणि स्पर्धा हेलसिंकीला, १९३८ साली खुल्या झालेल्या जुन्याच स्टेडियमवर गेली. शेफील्डचे डॉन व्हॅली स्टेडियम २०१३ मध्ये बंद करून पाडण्यात आले. लंडनला अखेर स्ट्रॅटफर्डमध्ये ऑलिंपिकचे स्टेडियम मिळाले खरे, पण २०१६ पासून तिथे मुक्काम फुटबॉल क्लबचा आहे, आणि ॲथलेटिक्ससाठी खालच्या खुर्च्या मागे सरकवाव्या लागतात.

मैदानाभोवती ट्रॅक नको, ही फुटबॉलवाल्यांची तक्रार खोटी नाही. ट्रॅकचे वळण मध्ये आल्याने गोलपोस्टमागचा प्रेक्षक खेळापासून फार दूर बसतो, आणि हातोड्याने हिरवळीत पाडलेला खड्डा पुढच्या सामन्याआधी बुजवावा लागतो. म्हणूनच मैदान दोघांत वाटायचे असेल, तर ट्रॅकवर हक्क कोणाचा आणि वर्षातून किती दिवस, हे जागा निवडण्याआधीच कराराने ठरले पाहिजे. नंतर ठरवायचे म्हटले, की तिकिटे जास्त विकणाऱ्याचेच ऐकले जाते. मोठी स्पर्धा काही वर्षांतून आठवडा-दीड आठवड्याची असते. उरलेल्या दिवसांत तिथे शाळकरी मुले आणि क्लबचे खेळाडू येणार असतील, तर रोजच्या रेल्वे किंवा बसथांब्यापासून स्टेडियमच्या दारापर्यंत चालत किती वेळ लागतो, हे अंतर विमानतळाच्या अंतरापेक्षा जास्त मोलाचे आहे.

तेव्हा समितीने विचाराधीन असलेल्या प्रत्येक जागेचा आराखडा दोन्ही ट्रॅक, फेकीचे मैदान आणि वाऱ्याच्या वर्षभराच्या नोंदींसह जाहीर करावा, आणि आसनसंख्येचा आकडा त्यानंतर सांगावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ॲथलेटिक्स पंच