तुमच्या फलकावर माझ्या आजोबांचे नाव नाही

माननीय मंत्रिमहोदय,
सचिवालय, पर्वरी, गोवा.

सविनय नमस्कार.

यंदाच्या १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, आमच्या गावच्या पंचायतीच्या आवारात माजी सैनिकांच्या नावांच्या फलकाचे अनावरण आपल्या हस्ते झाले. माझी ७६ वर्षांची आजी त्या वेळी पहिल्या रांगेत बसली होती. पंचायतीकडून निमंत्रण आले होते, म्हणून ती पहाटेपासून तयार होती आणि येताना आजोबांचे एकुलते एक उरलेले पदक, पूर्वी स्टार, रुमालात गुंडाळून घेऊन आली होती. नावे वाचली गेली, टाळ्या झाल्या, पडदा बाजूला झाला. आजी माझ्या कानाशी म्हणाली, "बाय, खालच्या ओळीत बघ गो, मला चष्म्यातून नीट दिसत नाही." मी तो फलक वरपासून खालपर्यंत तीनदा वाचला. आजोबांचे नाव त्यावर नव्हते. व्यासपीठाशेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांना विचारले, तेव्हा "कागदपत्रे अपूर्ण आहेत, प्रकरण प्रलंबित आहे," एवढेच उत्तर मिळाले, आणि मी आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी आपली गाडी पुढच्या कार्यक्रमाला निघून गेली होती. जे त्या दिवशी तोंडी सांगता आले नाही, ते आता सर्वांसमोर लिहीत आहे.

ज्या माणसाचे प्रकरण प्रलंबित आहे, तो माणूस कोण होता, हे आधी आपण ऐकून घ्यावे.

डिसेंबर १९६१ मध्ये माझे आजोबा १७ वर्षांचे होते आणि उसगावजवळ म्हादईच्या काठी दुसऱ्याच्या कुळागरात पोफळींना पाणी लावण्याचे काम करीत होते. दोडामार्गाकडून उतरलेल्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडची पूर्वेकडची तुकडी उसगावावरून फोंड्याला गेली, ती २ पॅरा, म्हणजे पूर्वीची मराठा पलटण होती. पोर्तुगिजांनी माघार घेताना ठिकठिकाणचे पूल सुरुंगांनी उडवलेले होते आणि लोक घरांत दारे लावून बसले होते. आजोबा बांधावर उभे होते. त्यांच्यापाशी एक धुळीने माखलेला सैनिक आला आणि त्याने चक्क मराठीत पाणी मागितले. तोवर आजोबांनी पाहिलेला प्रत्येक बंदूकधारी माणूस पोर्तुगीज भाषेत ओरडणारा होता. "बंदूकवाला माणूस 'दादा, पाणी आहे का' म्हणाला, त्याच दिवशी माझे ठरले," असे ते शेवटपर्यंत सांगत असत. दीड वर्षाने ते घरी कोणाला न सांगता चोर्ला घाटाच्या वाटेने बेळगावला गेले आणि मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले.

१९७१ च्या युद्धात ते पहिल्या मराठा बटालियनमध्ये, जंगी पलटणीत होते. ब्रह्मपुत्रा ओलांडून ही पलटण जमालपूरच्या पाठीमागे, ढाक्याला जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन बसली. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच रेजिमेंट होती. आपल्या ब्रिगेडियरांनी तिच्या कमांडरला शरणागतीचे पत्र धाडले, तेव्हा त्याने कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर पाठवले, हे लष्करी इतिहासात नोंदलेले आहे. १० डिसेंबरच्या रात्री ती फौज वेढा फोडण्यासाठी मराठ्यांच्या खंदकांवर चालून आली आणि सकाळी जमालपूर पडले. त्या रात्रीविषयी आजोबा कधीच फारसे बोलले नाहीत. मात्र दर वर्षी १० डिसेंबरला तिन्हीसांजेला ते आजीला एक पान वाढायला सांगत, त्यावर भात, आमटी, एखादी भाजी आणि कडेला एक विडी ठेवून ते पान स्वतः अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवत आणि पंधरा-वीस मिनिटे तिथेच उभे राहत. विडी कोणासाठी, असे मी लहानपणी विचारले होते. "साताऱ्याचा होता," एवढेच ते म्हणाले.

जमालपूर पडल्यावर लगेचच, पुंगली पुलापाशी त्यांच्या पलटणीची आणि टांगाईलला विमानांतून उतरलेल्या पॅराशूट सैनिकांची गाठ पडली. ते सैनिक त्याच २ पॅराचे होते. उसगावच्या बांधावर ज्या पलटणीला त्यांनी पाणी दिले होते, तीच पलटण दहा वर्षांनी त्यांना बांगलादेशातल्या एका पुलावर भेटली, आणि हे सांगताना आजोबांचा चेहरा जसा उजळत असे, तसा तो नातवंडांच्या लग्नांतही उजळलेला मी पाहिला नाही. १९८० मध्ये ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारीत नसे. लहानथोर सगळे 'हवालदार' म्हणत.

आता कागदपत्रांविषयी. २३ जुलै २०२१ रोजी म्हादईला पूर आला आणि सत्तरीपासून डिचोली-फोंड्यापर्यंत शेकडो घरांत पाणी शिरले. आमचे मातीचे घर पडले. पडवीत आजोबांची लष्करातली काळी लोखंडी पेटी होती. तिच्यात डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद आणि सगळी पदके होती. पाणी ओसरल्यावर ७७ वर्षांचे आजोबा भाताची चाळण घेऊन आठ दिवस चिखल चाळत होते. जेवायला हाक मारली तरी येत नसत. आठव्या दिवशी पोफळीच्या मुळांत अडकलेला पूर्वी स्टार सापडला. त्याची फीत कुजून गेली होती. संग्राम मेडल, रक्षा मेडल, डिस्चार्ज बुक, काहीही मिळाले नाही.

त्या ऑगस्टमध्ये आपण आमच्या अंगणात आला होता. आपण आजोबांना शाल दिलीत, नारळ दिलात आणि चाळीस माणसांसमोर तीन गोष्टी सांगितल्यात: घराची भरपाई एका महिन्यात मिळेल, पदके पुन्हा मिळवून दिली जातील, आणि "हवालदार, तुमच्या सन्मानात सरकार कधी कमी पडणार नाही." आजोबा आपल्यासमोर सावधान उभे राहिले होते, हे आपल्याला आठवत असेल. आपण बसा म्हणालात तरी ते बसले नाहीत.

भरपाईचा विषय मी वाढवत नाही. माझ्या काकांनी कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. पदकांसाठी मी चार वर्षांत नऊ अर्ज केले, प्रत्येकाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचेही नाही. जमालपूरच्या त्या शत्रूने गोळी पाठवून का होईना, पत्राला उत्तर दिले होते. माझ्या आजोबांच्या स्वतःच्या राज्याने त्यांना एका ओळीचेही उत्तर दिले नाही, आणि ते वाट पाहत असत, दुपारी पोस्टमनच्या वेळेला शर्ट घालून पडवीत बसत. हे मी आपल्याला कधीही माफ करू शकणार नाही.

गेल्या श्रावणात ते गेले. आम्ही सकाळीच कळवले होते. दुपारपर्यंत थांबलो, कोणी आले नाही. शेजारच्या गावातले दोन वृद्ध माजी सैनिक पावसात छत्र्या मिटून चितेसमोर सावधान उभे राहिले आणि त्यांनीच सलामी दिली. आजोबांना मिळालेला सन्मान तेवढाच.

त्यानंतर आजीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण सुरू झाले. आजीचा जन्म १९४९ चा, म्हणून तिची जन्मनोंद पोर्तुगीज भाषेत आहे आणि तिच्यात माहेरचे नाव, द्वारका, पोर्तुगीज वळणाच्या अक्षरांत लिहिलेले आहे. लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुशीला हे नाव लिहिले आणि तेच नाव लष्कराच्या दप्तरी गेले. आधार कार्डावर 'शी' ऱ्हस्व झाली आणि इंग्रजी स्पेलिंगही बदलले. आता कार्यालय म्हणते की या तीन वेगळ्या बायका आहेत. मामलेदार कचेरी, नोंदणी कार्यालय, बँक, नोटरी, पोर्तुगीज नोंदीचे भाषांतर, प्रतिज्ञापत्र आणि पुन्हा पहिली खिडकी, अशा फेऱ्या आम्ही पाच महिने घालत आहोत. ७६ वर्षांच्या बाईला एका खिडकीवर "तुम्ही त्यांच्याच पत्नी कशावरून?" असे विचारले गेले. तिने आजोबांचा फौजी नंबर घडाघडा म्हणून दाखवला. देवळातल्या मराठी शाळेत तिसरीपर्यंत शिकलेल्या या बाईने वर्षानुवर्षे त्या नंबरावर, छप्पन एपीओ या लष्करी टपालाच्या पत्त्यावर, दर आठवड्याला पत्र लिहिले होते. तिला स्वतःचा आधार क्रमांक पाठ नाही, पण तो नंबर पाठ आहे. खिडकीतल्या माणसाने ऐकून घेतले आणि सांगितले, "तोंडी चालत नाही."

मंत्रिमहोदय, या राज्यात नेमके काय चालते, हे मला विचारायचे आहे. डोंगर कापून भूखंड पाडण्याच्या फायली चालतात, शेतजमिनीचे रूपांतर चालते आणि कामे करून देणारे दलाल प्रत्येक कचेरीच्या दारात बसलेले चालतात. ज्यांच्याकडे पैसा आहे, त्यांचा अपुरा कागदही रात्रीत पूर्ण होतो. ज्यांचा कागद नदी घेऊन गेली, त्यांना मात्र नदीकडून दाखला आणायला सांगितल्यासारखे वागवले जाते. ४५१ वर्षांची राजवट संपली, असे आपण दर १९ डिसेंबरला भाषणात सांगता. माझ्या आजीला आजही त्या राजवटीच्या भाषेतला कागद दाखवल्याशिवाय स्वतःचे अस्तित्व सिद्ध करता येत नाही, आणि तो दाखवला तरी तो मान्य होत नाही. मग मुक्ती कोणाची झाली? मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी मुलांना २ पॅराची आणि उसगावची हकीकत मीच सांगते. पुढच्या वर्षी ती कोणत्या तोंडाने सांगावी, हे मला कळत नाही.

आमची मागणी अवघड नाही. आजोबांची संपूर्ण सेवानोंद रेजिमेंटच्या बेळगाव येथील अभिलेखात असणारच. चोर्ला घाटातून तिथे जायला अडीच-तीन तास लागतात. फौजी नंबर आजीला पाठ आहे. आपल्या कार्यालयाने अधिकृत पत्र लिहून ती नोंद मागवावी. तिच्या आधारे आजोबांचे नाव फलकावर कोरावे, हरवलेल्या पदकांच्या जागी नवी पदके मिळावीत म्हणून योग्य ठिकाणी शिफारस करावी, आणि द्वारका, सुशीला व आधार कार्डावरची सुशिला ही एकच बाई आहे, हे आमच्या गावातल्या कोणत्याही पाच माणसांना विचारून पंचनाम्यावर लिहून घ्यावे. पाचच्या ऐवजी पन्नास माणसे येतील.

आजोबा गेल्यानंतरही या १० डिसेंबरला आजीने अंगणात पान ठेवले. या वेळी दोन विड्या होत्या. पुढच्या सोमवारी तिला पुन्हा त्या खिडकीवर बोलावले आहे, सकाळी दहा वाजता, सर्व मूळ कागदपत्रांसह. आम्ही येत आहोत. पूर्वी स्टार रुमालात असेल. आपण त्या दिवशी कार्यालयात असाल, तर कृपया पाच मिनिटे खाली या.

आपली,
एका हवालदाराची नात
उसगाव परिसर, गोवा